१० महिन्यांची मुलगी, ४ वर्षांचा मुलगा : ऑरगॅनिक नक्की काय काय घ्यायचं? (नाशिक)

ओवीची_आई

नमस्कार सगळ्यांना, पोस्ट जरा मोठी झालीये पण प्लीज पूर्ण वाचा. आम्ही इंदिरानगरला राहतो, मुलगी १० महिन्यांची आणि मुलगा ४ वर्षांचा, ज्युनियर केजीत आहे. मुलीचं वरचं खाणं सुरू झाल्यापासून माझ्या डोक्यात दिवसभर एकच चालू असतं, आपण हिच्या पोटात नक्की काय घालतोय. फॅमिली ग्रुपवर रोज एक व्हिडिओ येतो, कधी द्राक्षांवर विष, कधी हळदीत शिसं, कधी गुळात धुण्याची पावडर, आणि खरं किती खोटं किती ते कळायला मार्ग नाही. आत्ता द्राक्षांचा सीझन आहे, घराखाली गाडी उभी राहते, मुलगा हट्ट करतो आणि माझा हातच पुढे होत नाही. नाशिकमध्ये राहून पोराला द्राक्षं द्यायची नाहीत हेही मनाला पटत नाही.

मागच्या आठवड्यात एका ऑरगॅनिक दुकानात गेले होते. डाळी, तांदूळ, गूळ, हळद सगळं बाहेरच्यापेक्षा दीडपट-दुप्पट. गूळ साध्या प्लास्टिक पिशवीत, वर नुसतं १०० टक्के ऑरगॅनिकचं स्टिकर, ना कुठला नंबर ना कुठला पत्ता. विचारलं तर म्हणे ताई हे सगळं विश्वासावर चालतं. मिस्टरांचं म्हणणं की महिन्याचा किराणा सगळा असा घ्यायला लागलो तर शाळेची फी कुठून भरायची, आणि ते खरंच आहे. सासूबाई म्हणतात आमची मुलं काय ऑरगॅनिक खाऊन वाढली का, तू उगाच टेन्शन घेतेस, रोज मधात गुटी उगाळून दे आणि निवांत राहा. मध गावाकडचा आहे, ओळखीच्या माणसाने काढलेला, एकदम शुद्ध.

तर मला एवढंच सांगा, सगळं परवडत नसेल तर आधी काय ऑरगॅनिक घ्यावं? खरं कसं ओळखायचं? द्राक्षं कशी धुवायची? आणि मध द्यावा का?

निफाडचा_बागायतदार

ताई, द्राक्षाचं मी सांगतो, बाकीचं इथले जाणकार सांगतील. आमची थॉमसनची बाग आहे, वडिलांपासून. पहिलं म्हणजे द्राक्ष हे फवारणीचं पीक आहे हे लपवण्यात काही अर्थ नाही. ऑक्टोबरात छाटणी झाली की डावणी, भुरी, करपा, तुडतुडे, एकामागे एक चालूच असतं आणि त्यात अवकाळी आला की रात्री टॉर्च लावून पण फवारायला लागतं, नाहीतर वर्षाचं पीक चार दिवसात जातं. पण फवारलं म्हणजे तुमच्या ताटात विष आलं असं नसतं. प्रत्येक औषधाला एक पीएचआय असतो, म्हणजे शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस सोडायचे ते. तेवढे दिवस सोडले तर औषध उतरत जातं आणि माल मर्यादेच्या आत बसतो. खरी गडबड तेव्हा होते जेव्हा काढणीच्या तोंडावर पाऊस येतो आणि कोणी घाबरून फवारणी करतो आणि दोन दिवसात व्यापारी गाडी लावतो.

एक्सपोर्टच्या बागांना हे जमत नाही कारण तिथे प्रत्येक प्लॉट अपेडाच्या (शेतमाल निर्यात बघणारी केंद्राची संस्था) ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर नोंदलेला असतो, काढणीच्या आधी सॅम्पल लॅबला जातं आणि रिपोर्ट आल्याशिवाय माल हलत नाही. २०१० ला युरोपात आपल्या मालात सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वॅट सापडलं होतं, वेल आटोक्यात ठेवायला वापरायचे ते, तेव्हा कंटेनरच्या कंटेनर अडकले आणि नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं. तेव्हापासून लोक फार सावध झाले. माझं स्पष्ट मत आहे की जी तपासणी आपण युरोपातल्या पोरांसाठी करतो ती आपल्या गल्लीतल्या गाडीवरच्या मालाची पण व्हायला पाहिजे. लोकल मालाचं एवढं बारीक सॅम्पलिंग होत नाही, ही मोठी तफावत आहे आणि ग्राहकांनी यावर आवाज उठवायला पाहिजे.

आता घेताना काय करायचं. जमलं तर एक बागायतदार धरा, ओळखीचा असो नसो, आणि त्याला सरळ विचारा की शेवटची फवारणी कधी झाली आणि कशाची. जो नीट शेती करतो त्याच्याकडे फवारणीची डायरी असते, तो तारीख सांगतो. जो उडवाउडवी करतो त्याच्याकडून घेऊ नका. एक्सपोर्टमधून फक्त मण्याची साइज कमी म्हणून मागे राहिलेला माल मिळाला तर तो बेस्ट, रिपोर्ट त्याच बागेचा असतो. दिंडोरी, पिंपळगाव, ओझर साइडला सीझनमध्ये बागेवर जाऊन मिळतो.

मण्यावरची पांढरी पावडर बघून लोक घाबरतात, पण ती बऱ्याचदा द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं, बोटाने पुसली की एकसारखी निघते आणि खालून मणी चकचकीत दिसतो. औषधाचा डाग वेगळा असतो, थेंब वाळल्यासारखा गोल, निळसर नाहीतर पांढरा, आणि घडाच्या देठाजवळ जास्त. तसा माल नका घेऊ. धुताना घड अख्खा बुडवून काढू नका, मणी देठापासून कात्रीने सुटे करा, वाहत्या नळाखाली हाताने चोळून धुवा. वरवरचं असतं ते बरंचसं जातं. जे औषध आत शिरतं, आंतरप्रवाही म्हणतो आम्ही, ते कशानेच धुतलं जात नाही, मग मीठ टाका, व्हिनेगर टाका नाहीतर ते बाजारात मिळणारं महागडं लिक्विड टाका. म्हणून पीएचआय महत्त्वाचा.

आणि अजून एक, ज्यांचं गाव आहे, शेती आहे त्यांच्यासाठी. औषधाचे रिकामे डबे घरात आणू नका, किती पण धुतलेले असू द्या. बिहारमध्ये २०१३ च्या जुलैत गंडामन गावच्या शाळेत २३ पोरं गेली दुपारच्या जेवणातून, तेलात मोनोक्रोटोफॉस नावाचं कीटकनाशक होतं, कीटकनाशकाच्या डब्यात तेल ठेवलं होतं. आपल्याकडे अजून लोक त्या डब्यात पाणी भरतात, जनावरांना पाजतात, एकाने तर पेंड ठेवलेली मी बघितलीये. डब्याला भोक पाडा आणि वापरातून बाद करा.

मंदार_सिडको

ऑरगॅनिक वगैरे सगळा धंदा आहे हो. शेजारच्या शेतात फवारणी झाली की वाऱ्याने याच्या शेतात येतेच ना? आणि पाटाचं पाणी एकच. मी तरी दुप्पट पैसे देत नाही. साधं घ्या, स्वच्छ धुवा, भरपूर खाऊ घाला. घाबरून भाज्याच बंद करणारे पालक बघितलेत मी, पोरगं मग बिस्किटावर जगतं.

लॅबमधली_मी

मंदारदादा, तुमचं शेवटचं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे पण सगळा धंदा आहे हे नाही. मी फूड टेक्नॉलॉजी केलंय आणि टेस्टिंगच्या कामात आहे म्हणून लिहिते. शेजारच्या शेतातून येणाऱ्या फवाऱ्याचा विचार नियमांत केलेला आहे, मध्ये बफर पट्टा सोडायला लागतो. रासायनिक शेती बंद केली की लगेच ऑरगॅनिक म्हणता येत नाही, हंगामी पिकाला साधारण २ वर्षं आणि द्राक्ष-आंब्यासारख्या बहुवार्षिक पिकाला ३ वर्षं बदलाचा काळ जावा लागतो. आणि हो, ऑरगॅनिक म्हणजे फवारणीच नाही असंही नाहीये, गंधक आणि ताम्रयुक्त औषधं काही अटींवर चालतात. त्यामुळे ऑरगॅनिक द्राक्षंसुद्धा धुवायचीच.

ओवीची आई, ओळखायचं कसं ते सांगते. आपल्याकडे दोन पद्धती आहेत. एक एनपीओपी, अपेडाची, त्यात बाहेरची संस्था येऊन तपासणी करते, आणि दुसरी पीजीएस-इंडिया, कृषी खात्याची, त्यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेती तपासतात. यातलं एक तरी हवं. पॅक माल असेल तर त्यावर एफएसएसएआयचा (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) जैविक भारतचा लोगो आणि १४ आकडी लायसन्स नंबर असतो. हा नियम २०१७ चा आहे. तुम्ही ज्या गुळाचं लिहिलंय, साध्या पिशवीत आणि नुसत्या स्टिकरवर, तो दुकानातून असा विकता येत नाही. सूट फक्त छोट्या शेतकऱ्याला किंवा त्यांच्या गटाला आहे, वर्षाची उलाढाल १२ लाखाच्या आत असेल आणि तो स्वतः थेट गिऱ्हाईकाला विकत असेल तर त्याला सर्टिफिकेट लागत नाही, पण मग तो जैविक भारतचा लोगोही लावू शकत नाही. म्हणजे शेतकरी स्वतः समोर बसलाय आणि लोगो नाहीये, तर ठीक, त्याच्याशी बोलून ठरवा. दुकानदार मध्ये आहे आणि कागद नाही, तर ते पैसे वाया.

रेसिड्यू फ्री, नॅचरल, गावरान, शेतातून थेट, हे शब्द छापले म्हणजे माल ऑरगॅनिक झाला असं नाही. रेसिड्यू फ्री म्हणजे फवारणी झालीये पण तपासणीत अंश सापडला नाही किंवा ठरवलेल्या मर्यादेखाली आहे. ते वाईट नाही, मी तर म्हणेन खरा रिपोर्ट दाखवत असतील तर लहान मुलांसाठी चांगलाच पर्याय आहे.

आता आधी काय घ्यायचं. माझं स्वतःचं गणित असं की जे सालीसकट खातो, ज्याला पानं-पापुद्रे आहेत आणि जे मूल रोज खातं त्याला पैसे घालायचे. पालक, कोथिंबीर, टोमॅटो, ढोबळी, फ्लॉवर, द्राक्षं, सफरचंद, पेरू. केळी, पपई, मटार, लाल भोपळा, कांदा, रताळं यांना साल असते, ती काढूनच टाकतो, तिथे साधं घ्या आणि बिनधास्त द्या. सफरचंद साल काढून दिलं तरी बरंच काम होतं. खायच्या सोड्याचं विचारतात लोक, २०१७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदावर करून बघितलं होतं, सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरचं नुसत्या पाण्यापेक्षा जास्त निघालं, पण आत शिरलेलं पूर्ण निघालं नाहीच. अर्ध्या लिटर पाण्याला एक छोटा चमचा सोडा, मग परत साध्या पाण्याने धुवायचं. करायला सोपं आहे, म्हणून करते मी घरी.

मसाल्यांबाबत मात्र मी फार कडक आहे. हळदीत मेटॅनिल यलो आणि लेड क्रोमेट हे दोन रंग सापडतात. लेड क्रोमेट म्हणजे शिसंच, आणि शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही असं डब्ल्यूएचओचं म्हणणं आहे, लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. सुटी हळद पावडर मुलांच्या घरात आणूच नका. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाका आणि न ढवळता ठेवा, चांगली हळद खाली बसताना पाण्याला फिकट पिवळा रंग सोडते, भेसळ असेल तर पाणी गडद पिवळं होतं. पण थोडं शिसं असेल तर ते या टेस्टमध्ये कळत नाही, त्याला लॅबच लागते. अख्खं हळकुंड आणून दळलं तर बरं, फक्त अतिचकचकीत आणि चोळल्यावर हात पिवळे करणारं घेऊ नका, पॉलिश करतानाच रंग चढवतात.

गूळ पांढराफटक किंवा एकदम सोनेरी असेल तर त्यात बहुतेक हायड्रोस नावाची ब्लीचिंगची पावडर घातलेली असते, रंग खुलावा म्हणून. जुन्या पद्धतीत उसाचा रस साफ करायला रानभेंडीचा चिकट रस वापरतात, तो गूळ गडद तपकिरी येतो. दिसायला बरा नाही म्हणून लोक घेत नाहीत आणि म्हणून गुऱ्हाळवाले हायड्रोस टाकतात. आपण गडद मागायला लागलो तर ते गडद बनवतील.

सिस्टर_पंचवटी

लहान मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय. सगळं वाचलं, छान माहिती आहे, पण ओवीच्या आई, तुमच्या पोस्टमधली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट द्राक्ष नाही, गूळ नाही, तो मध आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. कितीही शुद्ध असो, ऑरगॅनिक असो, स्वतःच्या डोळ्यादेखत पोळ्यातून काढलेला असो. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या पोटात त्यांचं काही चालत नाही पण बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. आधी बद्धकोष्ठ होतं, मग रडणं बारीक होतं, दूध ओढता येत नाही, मान ढिली पडते, पुढे श्वासाचे स्नायू पण जातात. घरी मध गरम करून ते बीजाणू मरत नाहीत. हा आजार क्वचित होतो पण पूर्ण टाळता येण्यासारखा आहे, म्हणून आम्ही एवढं आग्रहाने सांगतो. मध बोटाला लावून चाटवणं, निपलला लावणं, गुटीत घालणं, सगळं बंद.

सासूबाईंना दुखवू नका, त्यांनी प्रेमापोटीच सांगितलंय. पुढच्या वेळी डोस द्यायला डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांना बरोबर न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, घरात सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात फरक पडतो. गुटीचं पण तिथेच विचारा. उगाळायची मुळं कुठल्या पुडीतून आली, सहाण कशी धुतली, हे बघितल्याशिवाय मी तरी कोणाला हो म्हणत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या मुलासाठी. अख्खं द्राक्ष ४-५ वर्षांच्या मुलाला देऊ नका. ते गोल असतं, गुळगुळीत असतं आणि श्वासनलिकेत बरोबर बूच बसतं. उभं कापा, आडवं नाही, आणि चार फोडी करा. मुलगी जरा मोठी झाली आणि खायला लागली की तिला पण तसंच, बिया असतील तर काढून. शेंगदाणे, फुटाणे, अख्खा मका पण तसेच. शेंगदाणा फुप्फुसाच्या नळीत अडकून आलेली मुलं बघितलीत, दुर्बीण घालून काढायला लागतो. शेंगदाण्याचं बारीक कूट भाजीत घालून चालतं. खाताना मुलाला बसवा, पळताना, हसताना, गाडीच्या मागच्या सीटवर झोपून काही देऊ नका. कुठल्याही लेबलवर हे लिहिलेलं नसतं.

दूध पण बोलून घेते, कारण आजकाल देशी गाईचं कच्चं दूध म्हणून विकतात, कॅनमधून थेट. कच्चं दूध मुलांना देऊ नका, चांगलं उकळा. क्षयाचे, ब्रुसेलाचे जंतू गाईची जात बघून येत नाहीत. आणि एक वर्षाच्या आत वरचं दूध हा मुख्य आहार नको, आईचं दूध चालू ठेवा, खिमटी-लापशीत थोडं घातलं तर ठीक.

मिठाचंही तसंच. सैंधव, काळं मीठ, खडे मीठ, नॅचरल म्हणून घरभर वापरतात आणि आयोडिन मिळत नाही. आयोडिन कमी पडलं तर मुलांच्या मेंदूची वाढ मागे पडते, म्हणूनच २००६ पासून खाण्याचं मीठ आयोडिनशिवाय विकायला बंदी आहे. एक वर्षाच्या आत बाळाच्या जेवणात मीठ घालायचंच नाही, साखर-गूळ पण नाही, पण घरच्यांच्या जेवणात आयोडिनचंच मीठ असू द्या, तुम्ही अंगावर पाजताय ना, तुमच्यामार्फत तिला मिळतं.

मंदार म्हणतात ते मी रोज बघितलंय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ५ वर्षांखालची ६७ टक्के मुलं ॲनिमिक निघाली. औषधाच्या भीतीने पालक-मेथी बंद केली तर पोराचं नुकसान नक्की आहे. धुवा, शिजवा, द्या.

ओवीची_आई

सिस्टर, तुमचं वाचून मध लगेच कपाटात वर ठेवून दिला. सासूबाईंना तुमची पोस्ट वाचून दाखवली, त्या गप्प बसून ऐकत होत्या, म्हणाल्या ताकद येते म्हणूनच म्हटलं होतं गं, बाळाला त्रास होणार असेल तर कशाला द्यायचा. डॉक्टरांकडे त्या येणार आहेत. खूप खूप आभार.

बागायतदार दादा, तारीख विचारायची हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. अजून दोन प्रश्न आहेत. मुलाच्या वर्गात जवळपास दर आठवड्याला कोणाचा तरी वाढदिवस असतो, रंगीत केक, जेली, लाल-पिवळी चकली असं काहीतरी रिटर्न गिफ्टमध्ये येतं. ते रंग कितपत घातक आहेत? आणि बाळासाठी बाजारचं पॅकेटवालं सिरियल बंद करून घरचं काय देऊ, नागलीचं (नाचणीचं) सत्व सगळे सांगतात पण नागली चांगली कुठे मिळेल?

लॅबमधली_मी

रंगांचं दोन भागात बघा. आपल्याकडे ८ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही ठराविक पदार्थांतच आणि मर्यादेत. पाकिटाच्या मागे घटकांमध्ये आयएनएस नंबर असतात. १०२ म्हणजे टार्ट्राझिन, ११० सनसेट यलो, १२२ कार्मोइसिन, १२४ पाँसो. २००७ साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात अशा रंगांचं मिश्रण सोडियम बेंझोएट या प्रिझर्व्हेटिव्हबरोबर दिल्यावर काही मुलांमध्ये चंचलपणा वाढलेला दिसला, त्यानंतर युरोपात २०१० पासून हे रंग असलेल्या पदार्थांवर मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो असा इशारा छापावा लागतो. मी सांगितलेले चारही त्या यादीत आहेत. आपल्या पाकिटावर तसा इशारा नसतो, नंबर आपणच वाचायचा. वाढदिवसाचा एक तुकडा केक खाल्ल्याने काही होत नाही, त्याला वर्गात एकटं पाडू नका. रोजच्या डब्यात आणि घरातल्या डब्यात ते नंबर नकोत एवढं पाळा.

दुसरा भाग जास्त गंभीर आहे, तो म्हणजे ज्या रंगांना परवानगीच नाही आणि जे सुट्या मालात सापडतात. गुलाबी बुढ्ढी के बालमध्ये रोडामिन बी सापडला, तो कपडे रंगवायचा रंग आहे, म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीत पुदुच्चेरी आणि तामिळनाडूने त्याची विक्री बंद केली. कालिकेच्या यात्रेत, जत्रेत मुलं हट्ट करतात, तिथे भडक गुलाबी, भडक हिरवं, ज्याचा रंग जिभेवर आणि बोटांवर तासभर टिकतो असं काही देऊ नका. सुट्या रंगीत बडीशेप गोळ्या, बर्फाचे गोळे, लाल चटणी पण त्यातच आलं. पांढरे बुढ्ढी के बाल पण मिळतात, ते घेऊन द्या, पोरगं खूश.

एक सुचवते, वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर मांडा की रिटर्न गिफ्टमध्ये खाऊ नको, पेन्सिल, रोपटं, गोष्टीचं पुस्तक चालेल. आमच्या सोसायटीत हे एकीने बोलायला सुरुवात केली आणि बाकीच्या आया वाटच बघत होत्या कोणीतरी बोलायची.

हरसूलची_लेक

नागलीचं मी सांगते, माझं माहेर त्र्यंबक तालुक्यातलं. आमच्या पेठ, सुरगाणा, हरसूल पट्ट्यात नागली, वरई, खुरासणी ही डोंगरउताराची पिकं. लोकांकडे खत-औषधाला पैसेच नसतात आणि नागलीला त्याची गरजही नसते, राब (जमिनीवर पसरलेला पालापाचोळा) भाजायचा, रोप टाकायचं, पावसावर लावणी करायची. सर्टिफिकेट विचाराल तर बहुतेकांकडे नाही, पण शहरातल्या दुकानातल्या स्टिकरपेक्षा मी त्यावर जास्त भरवसा ठेवते. बुधवारी गंगाघाटावर बाजार भरतो तिथे सकाळी लवकर जा, आमच्याकडच्या बाया बसलेल्या असतात, त्यांना विचारा नागली कुठल्या गावची. घासाघीस करू नका एवढी विनंती, बसला पैसे देऊन डोक्यावर ओझं घेऊन येतात त्या.

घेताना मूठभर तळहातावर घ्या आणि फुंका, फोलपटं किती उडतात बघा, खडे आहेत का बघा. वास घ्या, कुबट आला तर ओल लागलेली आहे, सोडून द्या. घरी आणून चार-पाच पाण्यातून धुवा, वर तरंगतं ते काढा, आणि खाली बसलेले खडे राहतील अशी अलगद रोळून घ्या. रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत कडकडीत वाळवा, उन्हात नको. मग मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजून दळा आणि मलमलच्या फडक्यातून वस्त्रगाळ करा. ओलसर राहिली तर बुरशी धरते, म्हणून थोडं थोडंच करा आणि काचेच्या बरणीत ठेवा. दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवून मग शिजवायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. गोडीला पिकलं केळं कुस्करा, वरून अर्धा चमचा साजूक तूप. नागलीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, बाकी कुठल्याच धान्यात एवढं नाही. पण रोज दोन्ही वेळा तेच नको हं, डाळ-तांदळाची खिमटी, भोपळा, अंड्याचं पिवळं असं आलटून पालटून द्या.

मंदार_सिडको

हे पटलं. शेतकऱ्याकडून थेट घेणं आणि दुकानातलं स्टिकर यात फरक आहे हे मान्य, माझा राग त्या स्टिकरवर होता. ताई, त्या दुकानाची तक्रार का करत नाही?

लॅबमधली_मी

करायलाच पाहिजे. पिशवी टाकून दिली नसेल तर स्टिकरचा फोटो काढा, बिल जपून ठेवा. एफएसएसएआयचं फूड सेफ्टी कनेक्ट म्हणून ॲप आहे, त्यावर फोटोसकट टाकता येतं, किंवा १८००११२१०० या टोल फ्री नंबरवर फोन करा. आपल्या राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) लेखी पण देता येतं. दुकानदाराने बिल दिलं नसेल तर पुढच्या वेळी मागून घ्या, न देणाऱ्याकडून ऑरगॅनिकचे पैसे देऊन काही घेऊ नका.

ओवीची_आई

बिल आहे माझ्याकडे, आज रात्री टाकते. बुधवारी गंगाघाटावर पण जाणार. बागायतदार दादा, एक राहिलं, मुलाला रोज डब्यात बेदाणे देते, त्याचं काय?

निफाडचा_बागायतदार

बेदाणा घेताना रंग बघा. हिरवागार आणि सोनेरी पिवळा जो दिसतो त्याला बऱ्याचदा गंधकाची धुरी दिलेली असते, रंग टिकावा म्हणून. दम्याचा त्रास असलेल्या काही पोरांना तो सोसत नाही. तपकिरी-काळपट बेदाणा घ्या, दिसायला साधा असतो पण त्याला बहुतेक धुरी नसते. द्राक्षं रॅकवर टाकायच्या आधी डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, लवकर वाळावीत म्हणून, आणि शेडमध्ये धूळ पण बसते, त्यामुळे कोणताही बेदाणा कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून, ते पाणी फेकून, परत धुवूनच द्या. भिजला की मऊ पण होतो. ४ वर्षांच्या पोराला कापून द्या, सिस्टर म्हणतात तसं. दातांना चिकटतो, नंतर चूळ भरायला लावा.

द्राक्षं पाहिजे असतील तर मेसेज करा, आमची काढणी अजून चालू आहे, फवारणीची डायरी दाखवतो आणि लॅबचा रिपोर्ट पण. पोरांना घेऊन या बागेवर.